व्हिजिटरबाईंचे चुकीचे धडे

बाई खुर्चीवर बसत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल कोणीही पहिल्यांदा हेच सांगत असे. ग्रामपंचायतीत जावं, शिपायाने धावत खुर्ची आणावी आणि बाईंनी तिच्यावर आपली पिशवी ठेवून स्वतः पायरीवर बसावं. "खुर्चीवर बसलं की लोक अर्ज घेऊन येतात," त्या म्हणायच्या. "पायरीवर बसलं की गाऱ्हाणी घेऊन येतात. अर्ज वाचून मला आजवर काही कळलेलं नाही."

त्या हेल्थ व्हिजिटर होत्या. माणसं त्यांना व्हिजिटरबाई म्हणत. मी त्याच विकास गटात ग्रामसेविका. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झाला नव्हता. आमचा मालवण तालुका रत्नागिरीत होता, आणि रत्नागिरी इतकी लांब की हुकूम पोचेपर्यंत त्या हुकुमाचा हंगाम उलटलेला असे. गावोगावच्या सुइणींना शिकवायचं आणि बायकांना बाळंतपणाविषयी, मुलांच्या तब्येतीविषयी सांगायचं, हे बाईंचं काम. महिला मंडळं, परसबागा आणि बिनधुराच्या चुली, हे माझं. कागदावर आमची कामं वेगळी होती. पायवाट मात्र एकच होती, म्हणून आम्ही बरोबर हिंडायचो.

बाई घाटावरच्या. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मजबूत, नऊवारी लुगडं आणि पायांत पुरुषी वहाणा. घाटावरच्या माणसांबद्दल आमच्याकडचं मत ठरलेलं आहे: "माणसां बरी, पण तेंका कायएक कळणा नाय." हे मत बाईंच्या कानावर पहिल्या आठवड्यातच गेलं. दुसरं कोणी असतं तर ते खोटं ठरवायच्या मागे लागलं असतं. बाईंनी त्याचंच भांडवल केलं.

त्यांची शिकवायची रीत मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. त्या शिकवतच नसत. त्या समोर बसून चुकीचं करत, आणि थांबत.

पहिल्यांदा हे मी तारकर्लीला पाहिलं. एका मांडवात मासे विकणाऱ्या बायका जमल्या होत्या. बाळाला आंघोळ कशी घालावी, हा विषय. बाईंनी कापडी बाहुली काढली, तिला एका पायाला धरून उचललं आणि मान लोंबत असतानाच तांब्याभर पाणी थेट नाकावर ओतलं. मी शरमेने खाली बघत होते. तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, "अगो बाये, मान धर, मान! पोर म्हणजे काय सुंगटांची पाटी, अशी धरूक?" दुसरीने बाहुली हिसकावून घेतली. तिसरीने दुसरीचं चुकलं म्हणून तिच्याकडून घेतली. अर्ध्या तासात त्या बायकांनी एकमेकींना जे जे सांगितलं ते सगळं आमच्या छापील पुस्तिकेत होतं, वर दोन गोष्टी जास्तच होत्या. बाई मान हलवत म्हणत होत्या, "असं होय? आमच्याकडे नाही हो कोणी सांगितलं."

परतताना मी विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच येत नाही?"

"सोळा वर्षं नर्स होते," त्या म्हणाल्या. "एक लक्षात ठेव. तुमच्या माणसांना शिकवायला गेलं तर ती उठून जातात. चूक काढायला दिली तर जेवायला ठेवून घेतात."

आणखी एक सवय. रिकाम्या हाताच्या बाईशी त्या बोलत नसत. "रिकामे हात घरची आठवण काढतात," असं त्यांचं म्हणणं. म्हणून पिशवीत नेहमी न निवडलेले कुळीथ असत. बायका बसल्या की प्रत्येकीपुढे मूठभर ओतायचे. खडे निवडता निवडता बायका तासभर हलत नसत. हे कुळीथ संपत कसे नाहीत, याचं मला कोडं होतं. एकदा मसुऱ्याला जाताना पाहिलं तर बाई ओढ्याकाठी बसून बारीक खडे वेचत होत्या आणि निवडलेल्या कुळथात परत मिसळत होत्या. वर्षभर तालुक्यातल्या बायकांनी तेच कुळीथ निवडले.

आणि तो लाकडी सांगाडा. सुइणींना दाखवायला बाईच्या कमरेच्या हाडांचा नमुना लागतो. वरून येईल म्हणून आम्ही वाट पाहिली, आला नाही. बाई सावंतवाडीला चितारआळीत गेल्या. तिथले कारागीर लाकडाची फळं आणि खेळणी करतात. बाईंनी एका म्हाताऱ्या चिताऱ्यापुढे कागदावर आकृती काढली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "बाई, ह्या खंयचा फळ?"

"हे फळ नव्हे," बाई म्हणाल्या, "फळ यातून बाहेर येतं."

म्हातारा लाजला, पण नमुना मापात बरोबर केला. फक्त रंगवल्याशिवाय काहीही हातावेगळं करायची त्याला सवय नव्हती. त्याने त्यावर लाल-पिवळी वेलबुट्टी काढून दिली. सुइणींना ती इतकी आवडली की त्या वस्तूचं नावच "बाईंचो दरवाजो" पडलं.

आता ज्या गावासाठी बाईंनी सगळी विद्या पणाला लावली त्याबद्दल. खाडीच्या अलीकडचं गाव, नाव नाही लिहीत. तिथे पार्वती नावाची एक सून होती. तिची दोन मुलं जन्मून गेली. दोन्ही धडधाकट जन्मली, दोन्ही चार-सहा दिवसांनी दूध ओढेनाशी झाली, जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं ताठलं आणि संपली. घरची म्हणत, जागेचा दोष आहे. पार्वतीला आता पुन्हा दिवस गेले होते. बाईंनी तिची हकीगत नीट ऐकून घेतली. वाटेत एवढंच म्हणाल्या, "दोष जागेचा नाही. नाळ कापायच्या हत्याराचा आहे. धनुर्वात. हे मूल जगवायचं."

गावात चार वाड्या, चार सुइणी. त्यांच्यात थोर चंद्राक्का. सत्तरीची, बुटकी, जिभेने तिखट. पार्वतीची दोन्ही बाळंतपणं तिनेच केली होती. गावातले अर्धे पुरुष तिच्या हातचे, त्यामुळे त्यांना ती नावाने नाही, "अरे नागड्या" म्हणून हाक मारी. आम्ही तिला सुइणींच्या वर्गाचं आमंत्रण दिलं. ती म्हणाली, "ही माका शिकवतली? हिची नाळ माझ्या हातान कापली आसती तर ही जरा शाणी झाली आसती!" चंद्राक्का येत नाही म्हणून बाकीच्या तिघी येत नव्हत्या. एकमेकींच्या दारात त्या पाऊल टाकत नसत. सरकारी दवाखान्यात गेलं तर आपल्याला येत नाही असं कबूल केल्यासारखं होई. चार वेळा वर्ग ठेवला, चारही वेळा आम्ही दोघी आणि फळा. पार्वतीचे महिने भरत आले होते.

आणि मग देवाने कौल दिला. वर्गासाठी नव्हे, गावपळणीसाठी.

आमच्या भागातल्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल होतो आणि सगळं गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं घेऊन वेशीबाहेर निघतं. तीन दिवस गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. बाहेर माळावर बांबू आणि माडाच्या चुडतांच्या खोपी घालून राहायचं, पुन्हा कौल झाला की परतायचं. आमच्या विकास गटाच्या साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्या आठवड्यातला दौराच रद्द केला. बाई मात्र उठून उभ्या राहिल्या.

"अगं, हे तर शिबिर आहे! खोपी त्यांच्या, जेवण त्यांचं, हजेरी देवाने घेतलेली. चारही सुइणी एका माळावर. ना त्यांचं घर, ना आपला दवाखाना. मोठं कोण, धाकटं कोण, प्रश्नच नाही. चल."

गावच्या मानकऱ्यांनी विचारलं, "शाळा घालूक येतास?"

"नाही हो. कुळीथ निवडून घ्यायला येते."

"मगे येवा," ते म्हणाले.

ते दिवस मला आजही लख्ख दिसतात. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन, नदीकाठचा माळ, ओळीने खोपी. एरवी उन्हातान्हात राबणाऱ्या बायकांना काम नाही. कोणी फुगडी घालतंय, कोणी नारळाच्या रसातल्या शेवया करतंय, आणि सगळ्यांना वेळच वेळ. बाईंनी चंद्राक्काच्या खोपीशेजारीच आमची खोप घातली, तीही इतकी वाकडी की चंद्राक्काला राहवेना. तिने येऊन ती सोडून परत बांधली. "खोपय बांधूक येणा नाय आणि हिंडता शिकवूक," असं ती सगळा माळभर सांगत सुटली. पहिल्या दिवशी एवढंच झालं. बाई खूश होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघी सुइणी एकाच चुलीशी बसल्या. पुढे कुळीथ. वेलबुट्टीचा दरवाजा सगळ्यांच्या हातांतून फिरून झाला होता. बाई बांगडे साफ करत होत्या. मध्येच त्यांना भाकरीबरोबर लोणचं हवं झालं. चंद्राक्काने बरणी सोडली. बाईंनी ज्या सुरीने बांगडा चिरला ती लुगड्याला पुसली आणि सरळ बरणीत खुपसून आंब्याची फोड उचलली.

"शिरा पडो तुझ्या हातार!" चंद्राक्का किंचाळली. "काय केलंस गो ह्या?"

"का? पुसली की सुरी."

"पुसान काय जाता?"

"मग कशाने जातं?"

चौघी एकदम बोलू लागल्या. बरणी कढत पाण्याने धुवायची, कडकडीत उन्हात घालायची, हिंगाची धुरी द्यायची. चमचा कोरडा हवा. "आणि हात धुवल्याबिगर बरणीक कोणाक हात लावूक देणय नाय मी, माझ्या सुनेकय नाय!"

"पण सुरीवर काही दिसत तर नाही," बाई हट्टाने म्हणाल्या.

"दिसणा नाय म्हणान काय झाला? चार दिसांनी बुरशी धरता, तेवा दिसता!"

"बरं," बाई म्हणाल्या. "आणि नाळ कशाने कापता?"

मग चंद्राक्काने कमरेची पिशवी सोडून धार लावलेली शिंप बाहेर काढली. सवयीने पदराला पुसली. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"चार दिसांनी," ती स्वतःशीच म्हणाली. मग बाईंकडे बघून, अगदी हळू, "म्हणजे पार्वतीच्या दोनय पोरांक मियाच...?"

मला वाटलं, बाई आता काहीतरी सोंग घेतील, विषय फिरवतील. त्यांनी सोंग घेतलं नाही. सुरी खाली ठेवली. "चंद्राक्का, नर्स होण्याआधी मीही सुईणच होते. आईबरोबर जायची. आम्हीही पुसूनच कापायचो, वर चुलीतली राख दाबायचो. किती पोरं गेली ते मी मोजलं नाही. मला हे कोणीतरी सांगितलं त्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी पाणी उकळलं. रडणं एका दिवसाचं असतं. पाणी रोज उकळायचं असतं."

चंद्राक्का उठली. नदीवर गेली आणि शिंप पाण्यात भिरकावली. परत येऊन म्हणाली, "आता मिया कोणाक हात लावचंय नाय." आणि खोपीत जाऊन पाठ करून बसली.

बाकीच्या तिघींना बाईंनी संध्याकाळपर्यंत सगळं सांगितलं: ब्लेड उकळणं, दोरा उकळणं, कोपरापर्यंत हात धुणं, बेंबीवर काहीही न लावणं. त्यांनी ऐकलं, पण एकजण स्पष्ट म्हणाली, "चंद्राक्का करणा नाय, तर आमी कशी करूची?" धडा फारच चांगला झाला होता. इतका, की ज्या हातांसाठी आलो तेच हात गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पार्वतीची सासू धावत आली. पार्वतीला कळा सुरू झाल्या होत्या. वेशीच्या आत जाता येत नव्हतं, दवाखाना लांब होता.

"चंद्राक्का, चल गो!"

"नाय. माझे हात नको."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मी करते."

पार्वतीच्या खोपीपुढे सगळ्या बायका गोळा झाल्या. चंद्राक्काही आली, पण बाहेरच, चुडतांच्या फटीतून बघत. पार्वती खांबाला धरून बसली होती, ओठ घट्ट मिटलेले. बाई धबाधबा पावलं टाकत आत शिरल्या, चुलीजवळची ढलपी सरकवली, धुळीचे हात लुगड्यावर झटकले, आणि तशाच पार्वतीच्या पुढ्यात बसायला वाकल्या.

"गो घाटये!" चुडतांमागून आवाज आला. "हात धुतलंस?"

बाईंनी ऐकलं नाही.

"तुका इचारतंय! हात धुतलंस?" आणि चुडतं बाजूला सारून चंद्राक्का आत. तिने बाईंना खांद्याने ढकललं. "सर थंय! मोठी शिकवूक इली! पाणी खंय आसा? ब्लेड घाल त्यात. दोरो घाल. गो तिघी, काय बघतास, हात धुवा!" तिने स्वतःचे हात साबणाने कोपरापर्यंत घासले, पुन्हा घासले. सासू सवयीने राखेची वाटी घेऊन पुढे आली. चंद्राक्का गरजली, "ती राख चुलीत घाल! माझ्या पोराच्या बेंबीर कायएक लावूचा नाय!"

सूर्य अजून माडांच्या वर होता तेव्हा मुलगी जन्मली. "चेडू गो, चेडू!" चंद्राक्का ओरडली, आणि मुलीने सगळा माळ हादरेल असं भोकाड पसरलं. बाहेर बायकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी फुगडीच सुरू केली. आत बाई कोपऱ्यात मांडी घालून कुळीथ निवडत होत्या.

नंतर मी रागानेच विचारलं, "बाई, हात खरंच धुतले नव्हते?"

"वेडी आहेस? येण्याआधी धुतले होते, आणि तिने हाकललं नसतं तर बसण्याआधी परत धुतले असते. पण तिला दिसले ते धुळीचे."

पार्वतीने मात्र मुलीकडे पाहिलं नाही. पाजतानाही मान वळवून बसायची. "बारा दिस जांवदेत," एवढंच म्हणाली. "मगे बघतलंय."

चौथ्या दिवशी कौल झाला, गाव घरी वळलं. पार्वतीला डोलीतून नेलं. आम्ही आमच्या दौऱ्यावर गेलो.

पुढे काय काय झालं ते थोडक्यात सांगते. त्या चौघी सुइणी आमच्याकडच्या पहिल्या शिकलेल्या सुइणी झाल्या. पत्र्याचा डबा, त्यात ब्लेड, दोरा, साबण, असं सामान घेऊन त्या फिरत. चंद्राक्का तर आजूबाजूच्या गावांतल्या सुइणींना शिकवायला जाई. तिथे ती आधी मुद्दाम चुकीचं करून दाखवी, आणि कोणी चूक काढली नाही तर शिव्या घाली. पाहुण्या साहेबांनी तिला एकदा विचारलं, ही पद्धत कुठे शिकलात? "घाटावरल्या एका बायेक मिया शिकवलंय," ती म्हणाली. बाई शेजारीच पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

पण हे सगळं नंतर. त्या बारा दिवसांत आम्हाला कसलीही बातमी नव्हती. बाराव्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "जाऊन येऊ." बोलावणं आलं नव्हतं. बारसं असेल तर बोलावणं येतं, आणि नसेल तर येत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पाणंदीत शिरल्यावर बाई, ज्या नेहमी माझ्यापुढे चालत, मागे राहू लागल्या. घराशी आलो तर पुढच्या अंगणात, खळ्यात, कोणी नाही. पडवीही रिकामी.

चंद्राक्का बाहेर आली. आम्हाला पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बोलावणा घेवन धाडलंय तो माणूस खंय गेलो? मालवणाक? तुमी हयसर आणि तो थंयसर! उभी कित्याक? पाय धुवा, भितुर येवा. बायका कधीच्या वाट बघतत."

बाई तिथेच, खळ्यात, खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं, दोनदा पुसलं. मग उठून पाय धुतले.

आत सगळी वाडी दाटीने बसली होती. पाळणा हलत होता. आत्याने वाकून मुलीच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले, हसू झालं. मग पार्वती पुढे आली. तिने मुलीला उचललं आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सासू म्हणाली, "अगो, दृष्ट लागात." पार्वतीने ऐकलं नाही. ती मुलीला घेऊन पडवी ओलांडून खळ्यात गेली, उन्हात उभी राहिली आणि, जी वर्षभरात आमच्याशी चार वाक्यं बोलली नव्हती, तिने गळा मोकळा सोडून साद घातली, "सुमतीऽऽ! गो सुमतीऽऽ!"

पलीकडच्या मळ्यातून एक म्हातारा ओरडला, "कोणाक साद घालतंस गो?"

"माझ्या चेडवाक!" पार्वती म्हणाली, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी तिने परत साद घातली.